रसमड्याचा लॅपटॉप चार्ज घेत नाही

दुर्गजवळच्या आमच्या रसमड्याच्या कारखान्यातली माणसं आता कुठं कुठं पांगली. कोणी भिलाईत सेक्टरमध्ये पोराकडं, कोणी दुर्गात, कोणी थेट पुण्याला. पण कोणाकडं लग्न निघालं अन् आम्ही चार डोकी एका पंगतीत बसलो, की वरणभात यायच्या आधी कोणीतरी म्हणतंच, "अन् तो लॅपटॉप आठवते का जी?" झालं! मग बासुंदी केव्हा आली अन् केव्हा संपली, कोणाला पत्ता नसतो.

हे किस्से असेच साचत जातात, बाप्पा! दर लग्नात एक नवा निघतो, अन् जुना असतो तो थोडा फुगतो. मी टाइम ऑफिसात होते. कोण केव्हा आलं अन् केव्हा गेलं, ते पाहणं माझं काम. त्यामुळे माझ्याजवळचे किस्से न फुगलेले आहेत. निदान माझं तरी तसंच म्हणणं आहे!

* * *

छत्तीसगड वेगळं व्हायचं होतं, तेव्हा आपण मध्य प्रदेशातच होतो. नव्वदीचं दशक अर्धं सरलं असेल. आमचा कारखाना ओतकामाचा. भंगार आत यायचं, भट्टीत वितळायचं, साच्यात ओतून माल बाहेर जायचा. मुंबईच्या हेड ऑफिसनं एक दिवस आमच्या पिंपळापुरे साहेबांसाठी लॅपटॉप पाठवला. रसमड्यात तोवर कोणी लॅपटॉप पाहिलेला नव्हता.

आता आमचा नियम असा, की गेटातून जे आत येईल ते आधी स्टोअरमध्ये जाईल. अन् स्टोअर म्हणजे धोटेभाऊ. मूळचे गोंदियाचे. शांत माणूस, पण नियमाला पक्का. भंगार असो, कोळसा असो, वाळू असो, काट्यावर चढवल्याशिवाय धोटेभाऊंनी काही घेतलं नाही. त्यांनी लॅपटॉपही काट्यावर चढवला! आधी खोक्यासकट, मग खोक्याविना. मग कागदावर छापलेलं वजन पाहिलं अन् साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, माल कमी भरून राहिला. परत पाठवू का?"

साहेब उठून उभे राहिले. "अहो धोटे, तो जितका कमी भरेल तितका चांगला! त्याचेच तर जास्त पैसे लागतात!"

धोटेभाऊंनी मान हलवली अन् बाहेर येऊन मला म्हणाले, "बाई, साहेबाले मुंबईवाल्यायनं पुरतं फसवलं."

* * *

पण लॅपटॉप आला धोटेभाऊंच्या नावावर. म्हणजे त्याचा चार्ज त्यांच्याकडं. साहेबांनी वापरायचा, अन् संध्याकाळी स्टोअरच्या कपाटात कुलूपबंद.

इथं एक सांगून ठेवते. आमच्या कारखान्यात 'चार्ज' हा शब्द फार जपून वापरावा लागे. भट्टीत भंगार टाकतात तो चार्ज, टाकून घेणारा तो चार्जमन. साहेब सुट्टीवर गेले की दुसऱ्याकडं देतात तोही चार्ज. रिटायर होताना पुढच्या माणसाला सगळं मोजून, चालू हालतीत दाखवून सोपवायचं, तोही चार्जच. अन् चुकलात, तर चार्जशीट!

तर एक दिवस साहेबांनी वायर लावली अन् लॅपटॉप काही भरेना. साहेबांनी शिपायाला ओरडून सांगितलं, "लॅपटॉप चार्ज घेत नाही, कोणाला तरी बोलवा!" शिपाई बिचारा काय चुकला? चार्जचं काम, तर चार्जमनला बोलवायचं. तो धावत भट्टीवर गेला अन् साहू चार्जमनला घेऊन आला.

साहू म्हणजे आमच्या भट्टीचा राजा. डोक्यावर हेल्मेट, निळ्या काचेचा चष्मा, अंगावर चामड्याचा एप्रन. केबिनमध्ये येऊन त्यानं चष्मा वर केला, लॅपटॉपला एक चक्कर मारली, अन् छत्तीसगढीत अगदी गंभीरपणे विचारलं,

"येमा के टन डारे बर हे, साहब?"

यात किती टन टाकायचं!

* * *

मग लक्षात आलं की भट्टी पेटली की लॅपटॉप भरणं बंद होतं. आमची भट्टी विजेवरची. ती लागली की अख्ख्या ऑफिसचे पंखे सुस्तावायचे, ट्यूबलाइट डोळे मिचकवायच्या. साहेब म्हणाले, "सापडलं! व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे."

तेव्हापासून साहूचं नवीन काम. भट्टी थांबली की तो फोन करायचा, "साहब, भट्ठी बंद हे, चार्ज कर लव." मग साहेब वायर लावायचे. कधी कधी काम अर्ध्यावर असलं की साहेब साहूला म्हणायचे, "अजून दहा मिनिटं थांब रे." अन् भट्टी थांबायची!

हे किती दिवस लपणार? मुंबईहून विचारणा आली, भट्टी उशिरा का लागून राहिली. त्या दिवशी साहेब रायपूरला गेले होते, म्हणून फोन बोबडेनं घेतला. गजानन बोबडे, आमचा डिस्पॅच क्लार्क. वयानं आमच्यात सगळ्यात लहान, तोंडानं सगळ्यात मोठा. पण त्या दिवशी त्याची पाचावर धारण बसली अन् तो चक्क खरं बोलला.

"लॅपटॉपचं चार्जिंग सुरू होतं जी."

तिकडून आवाज आला, "लॅपटॉप? ही कोणती भट्टी? आमच्या यादीत नाही! कपॅसिटी किती?"

बोबडे म्हणाला, "लहान आहे जी. मांडीवर बसते."

* * *

भट्टी बंद असतानाही लॅपटॉप रुसायला लागला, तेव्हा साहेबांनी मुंबईच्या इंजिनिअरला फोन लावला. आता फोन साहेबांच्या केबिनमध्ये, अन् केबिनच्या प्लगवर भरेना म्हणून वायर जोडलेला लॅपटॉप यार्डाच्या पलीकडं स्टोअरमध्ये. मधे क्रेनचा धडधडाट. म्हणून आम्ही साखळी केली. साहेब फोनवर, मी टाइम ऑफिसच्या दारात, बोबडे यार्डात, अन् धोटेभाऊ स्टोअरच्या खिडकीशी.

लॅपटॉपला समोर एक बारीकशी लाइट होती. भरत असला की हिरवी लागायची. इंजिनिअरनं तेच विचारलं. साहेब मला म्हणाले, "लाइट आली का विचारा." मी बोबडेला ओरडले. बोबडे धोटेभाऊंना ओरडला. धोटेभाऊंनी वर पंख्याकडं पाहिलं.

"हाव, आहे ना! सकाळपासून गेलीच नाही!"

इंजिनिअर खूष. म्हणे चार्ज होत आहे, ठेवा फोन. घंटाभरानं लॅपटॉप मेलेलाच! पुन्हा फोन, पुन्हा साखळी. "लाइट आहे का?" या वेळी खरंच करंट गेला होता. "गेली जी, आत्ताच गेली!" इंजिनिअर म्हणे चार्जर खराब आहे, नवीन पाठवतो. नवीन चार्जर आला. तोही तसाच.

तिसऱ्यांदा इंजिनिअर वैतागला. त्यानं साहेबांना हळू, एकेक शब्द तोडून सांगितलं की फक्त लाइटचा रंग विचारा, दुसरं काही नको. मी ओरडले, "रंग कोणता?" बोबडे ओरडला, "भाऊ, लाइटचा रंग कोणता?"

धोटेभाऊंचा आवाज मला इथवर ऐकू आला.

"पिवळा! शंभराचा बल्ब आहे!"

* * *

यात माझाही एक किस्सा आहे. तो मीच सांगते, नाहीतर बोबडे तिखटमीठ लावून सांगेल.

एक दिवस धोटेभाऊंना सापडलं की वायर जरा खाली दाबून धरली की हिरवी लाइट लागते. पण दिवसभर धरून कोण बसणार? मी जेवायला स्टोअरमध्येच जात असे. माझा तीन पुड्यांचा पितळी डबा जवळ होता, तोच मी वायरवर ठेवला. लागली की लाइट! साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तोच डबा, तीच वायर, पण लाइट नाही. बोबडेनं डबा उचलून पाहिला अन् म्हणाला, "बाई, आज डब्यात काय आहे?"

"पोळ्या अन् भेंडीची भाजी."

"अन् काल?"

"ज्वारीची भाकर, झुणका, अन् वांग्याचं भरीत."

"मग बरोबर आहे. याले भाकर लागते."

थट्टाच होती, पण खरंच निघाली ना! भाकरीचा डबा जड, पोळ्यांचा हलका. तेव्हापासून साहेबांचं काम असलं की मला भाकरी थापाव्या लागायच्या. माझ्या नवऱ्यानं विचारलं, "कावून वं, रोज भाकरच करून राहिली?" मी म्हटलं, "ऑफिसची ऑर्डर आहे!" अन् एका गुरुवारी सकाळी सकाळी साहेबांचा फोन थेट दुर्गात पद्मनाभपूरला, आमच्या शेजाऱ्यांकडं. मी धावत गेले, म्हटलं कोणाचं काय झालं!

साहेब चाचरत म्हणाले, "उमाठेबाई, एक विचारायचं होतं. आज तुमचा उपास तर नाही ना?"

* * *

शेवटी साहेबांनी लॅपटॉप रायपूरला एका रिपेअरवाल्याकडं नेला. मी अन् धोटेभाऊ सोबत होतो. चार्ज धोटेभाऊंचा, ते त्याला एकटं कुठं सोडतात!

रिपेअरवाल्यानं वायर जोडायच्या भोकात टॉर्चचा उजेड पाडला, बारीक चिमटा घातला अन् एक दाणा बाहेर काढला. तांदळाचा. हळद लावलेला.

साहेब भडकले. "ही अक्षता आहे! अक्षता कोणी टाकली यात?"

आता आमच्याकडं विश्वकर्मा पूजेला कारखान्यातल्या एकूण एक मशीनची पूजा व्हायची. त्या दिवशी एकही मशीन चालवायचं नाही. हळदकुंकू, फूल, अक्षता, प्रसाद. अन् यजमान कोण? साहेब! धोटेभाऊंनी खाली मान घालून तेवढंच सांगितलं, "गुरुजी म्हणाले होते, यंत्राच्या मुखी अक्षता वाहा."

साहेब त्या भोकाकडं बोट दाखवून म्हणाले, "मग मी काय करणार? याला दुसरं तोंडच नाही!"

* * *

बरं, तांदूळ निघाला तर रोग जावा की नाही? चार दिवस नीट चालला अन् पुन्हा येरे माझ्या मागल्या.

आता मात्र धोटेभाऊंचा जीव खालीवर होऊ लागला. ते त्याच वर्षी रिटायर होत होते. अन् चार्ज दिल्याशिवाय सुटका नाही. चार्ज घेणार बोबडे. त्यानं एकेक वस्तू चालू हालतीत पाहून सही करायची, सगळ्या सह्या झाल्या की मग धोटेभाऊ मोकळे.

मोकळं व्हायची त्यांना एवढी घाई का, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. धोटेवहिनी गोंदियाला शाळेत मास्तरीण. त्यांची नोकरी महाराष्ट्रात, यांची मध्य प्रदेशात, बदली होणार कशी? धोटेभाऊ शनिवारी संध्याकाळी दुर्गाहून गाडीत बसायचे अन् सोमवारी सकाळी परत. नोकरीभर हेच! लग्न झाल्यापासून दोघं सुट्या सोडून कधी एका घरात राहिलेच नाहीत. इकडं ते पद्मनाभपूरला एका खोलीत बोबडेसोबत राहायचे. सकाळचा चहा धोटेभाऊ करायचे, बोबडे झोपून प्यायचा. वहिनी आधीच रिटायर झाल्या होत्या अन् गोंदियाच्या घरात वाट पाहत होत्या. मला तर खरंच वाईट वाटायचं हो. आम्ही रोज नवऱ्याशी भांडतो, त्या बाईला भांडायलाही शनिवार उजाडावा लागायचा.

तर एका शनिवारी साहेब वैतागून म्हणाले, "धोटे, घेऊन जा हा गोंदियाला, तिकडं कोणी पाहत असेल तर दाखवा." धोटेभाऊंनी रीतसर गेट पास केला अन् लॅपटॉप घेऊन गेले. वहिनींनी स्वयंपाकघरात मिक्सरच्या बाजूला वायर लावली, वरून ओढणीसारखा एक पंचा टाकला. अन् हा भरला की! न दाबता, न धरता, पूर्ण भरला! धोटेभाऊंनी रविवारी पीसीओवरून साहेबांना फोन केला, आनंदानं आवाज फुटत होता.

सोमवारी रसमड्यात वायर लावली. मेलेला.

बोबडे म्हणाला, "भाऊ, याले बी गोंदियाच मानवते."

आम्ही हसलो. धोटेभाऊ हसले नाहीत. वायर गुंडाळत म्हणाले, "मानवणारच. मले तरी इथं काय मानवून राहिलं?"

* * *

अन् आता शेवटच्या दिवसाचा. हा मी कोणाला सांगू देत नाही, मीच सांगते.

सगळं सोपवून झालं होतं. नटबोल्ट, पट्टे, फावडी, झाडूसुद्धा. बोबडेनं सगळ्यावर सह्या केल्या होत्या. फक्त लॅपटॉप राहिला होता. दुपारी निरोप समारंभ झाला, धोटेभाऊंच्या गळ्यात हार, खांद्यावर शाल, हातात नारळ. वहिनी सकाळच्या गाडीनं गोंदियाहून स्वतः न्यायला आल्या होत्या. माझ्याच खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर पर्स धरून. संध्याकाळची गाडी होती दोघांची. पहिल्यांदाच एका बाजूची तिकिटं काढली होती.

आम्ही सगळे स्टोअरमध्ये जमलो. साहेब, मी, भट्टी सोडून आलेला साहू. धोटेभाऊंनी देवाचं नाव घेऊन वायर लावली.

अन् काय सांगू! हिरवी लाइट! काही न ठेवता, कोणी न दाबता. लागली ती लागलीच. डोळासुद्धा मिचकवेना. साहेब म्हणाले, "वा धोटे!" साहूनं चक्क हात जोडले. धोटेभाऊंनी चार्जचा कागद बोबडेपुढं सरकवला.

बोबडे खाली वाकला. लाइटजवळ डोळा नेला. बराच वेळ पाहिलं. मग सरळ झाला अन् म्हणाला,

"मले तर हिरवी दिसत नाही जी."

"अरे, आंधळा आहेस का?" साहेब ओरडले. "एवढी लख्ख लागली आहे!"

"आज लागली. उद्या नाही लागली तर? मी नाही घेत चार्ज."

आम्हाला वाटलं थट्टा करून राहिला. पण त्यानं पेन खिशात घातला अन् हाताची घडी घातली. एवढा बोलका पोरगा, पण कोणाकडं पाहीना. धोटेभाऊ मटकन स्टुलावर बसले.

"गज्या, असं कावून करून राहिला रे? माही गाडी आहे."

"पुढच्या शनिवारी जा ना भाऊ," बोबडे भिंतीकडं पाहत म्हणाला. "नेहमी जाता तसे." अन् त्याचा आवाज चिरकला. साहेबांनी चष्मा काढून उगाच पुसला.

तेवढ्यात मागून वहिनी आल्या. केव्हा उठून आल्या, कळलंच नाही. पदर खोचला, बोबडेच्या खिशातला पेन आपल्या हातानं काढून घेतला अन् कागद स्वतःकडं ओढला. मास्तरीणबाईंचा आवाज, अख्ख्या स्टोअरमध्ये घुमला.

"बोबडेभाऊ, तुम्ही त्या लॅपटॉपचा चार्ज घ्या नाहीतर नका घेऊ. मी ह्यांचा घेते. सही कुठं करायची ते सांगा. पण नियम म्हणजे नियम! आधी चालू हालतीत दाखवा."

आणि आमचे धोटेभाऊ उठले. हार, शाल, नारळ, सगळ्यासकट. सगळ्यांच्या देखत स्टोअरच्या दारापर्यंत गेले, वळले, अन् परत वहिनींजवळ येऊन उभे राहिले. चालून दाखवलं!